बोरॉनवाले थोरात सर

फ्लॉवर चिरायला घेतला आणि दांडा आतून पोकळ, तपकिरी निघाला, की अजूनही माझा हात थांबतो. "बघा बाई, बघा! बोरॉन कमी पडला!" असं कुणीतरी मागून ओरडल्यासारखं वाटतं. मग एकटीच स्वयंपाकघरात "हो सर, कमी पडला" म्हणते आणि पुढं चिरते. थोरात सर आता नाहीत. पण फ्लॉवर आहे, शेंगदाणे आहेत, माझे गुडघे आहेत, त्यामुळं त्यांच्यापासून सुटका नाही.

न्हावऱ्याजवळच्या आमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. दोघांच्या वर्गांमध्ये भिंत नव्हती, नुसता पत्रा होता. माझ्या पोरांना विज्ञान आणि त्यांच्या पोरांना कविता अशी फुकटात मिळायची. सर उंच, हाडकुळे, चालताना पुढं झुकणारे. शर्टाचा खिसा कायम फुगलेला, कारण त्यात मनुका आणि भाजलेले शेंगदाणे. खिशात जागा नाही म्हणून पेन कानावर. कुणी नुसतं "आई गं" म्हणत खुर्चीतून उठलं, की सरांचा हात खिशात गेलाच म्हणून समजा.

हे बोरॉनचं वेड त्यांना शेतानं लावलं. घरची थोडी बागायत होती. एका हंगामात सगळा फ्लॉवर बिघडला, गड्डे तपकिरी आणि दांडे पोकळ. दुकानदारानं कसलीशी पांढरी पावडर दिली, चमचाभरच. पुढच्या खेपेला गड्डे असे पांढरेशुभ्र आले, की सर एक गड्डा घेऊन थेट स्टाफरूममध्ये. "एवढीशी पावडर, बाई! चिमूट! आन् चिमटीबिगर सगळं पीक मातीत." त्या दिवसापासून सर कामातून गेले. मिळेल ते वाचायला लागले, जनावरांचं, माणसांचं. आणि एक दिवस जाहीर केलं, की बोरॉन फक्त झाडाला नाही, आपल्यालाही हवा.

आता इथं कुणीही दुसरा असता तर त्यानं दुकान थाटलं असतं. सर तसले नव्हते, हे आधी सांगते. "औषध न्हाई हां, बाई," असं आधीच बजावायचे. "अजून पुरतं ठरलेलं बी न्हाई. पर हाडाला, सांध्याला जरा उपेग हुतो असं म्हणत्यात. आन् ते असतंय कशात? मनुकात, शेंगदाण्यात, हरभऱ्यात. खाऊन बघायला काय जातंय?" दर सोमवारी माझ्या टेबलावर कागदाच्या पुडीत मनुका यायच्या. माझे गुडघे तेव्हा जिने चढताना रडायचे. मी कुरकुर करत खायचे, कारण नाही खाल्ल्या तर सर मधल्या सुट्टीत समोर येऊन उभे राहायचे.

काही महिन्यांनी विचारलं, "गुण आला का? खरं सांगा. न्हाई आला तर न्हाई म्हणा."

मी म्हटलं, "अहो, खरंच दुखणं कमी आहे."

मला वाटलं, माणूस उड्या मारील. तर कपाळाला आठ्या. "आनखी काय बदललं?"

"काही नाही. आम्ही वरच्या मजल्यावरून खाली राहायला आलो, तेवढंच."

"हात्तिच्या! मग मनुकाचं नाव घिऊ नका. दोन गोष्टी बदलल्या. कशानं बरं वाटलं, ते आता देवालाच ठाव." आणि तोंड पाडून निघून गेले. मला बरं वाटतंय याचं त्या माणसाला वाईट वाटलं होतं!

ही त्यांची मोठी शिकवण. पत्र्यापलीकडून दिवसातून चारदा ऐकू यायची. दोन कुंड्या घ्या. माती तीच, ऊन तेच, पाणी तेच. एकीत खत घाला, एकीत नको. "एका टायमाला एकच बदल! दोन बदल केलं की खरं खोटं कळत न्हाई!" मी इकडून ओरडायचे, "सर, टायम नव्हे, वेळ!" तिकडून सगळा वर्ग हसायचा आणि सर म्हणायचे, "बाई म्हणत्यात तसं म्हणा. पर एकच."

एकदा आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न शिरूरला होतं. अक्षता पडल्या तरी सरांचा पत्ता नाही. शोधलं तर ते मंडपामागं आचाऱ्यांच्यात उकिडवे बसलेले. चिरून फेकलेले फ्लॉवरचे दांडे एकेक उचलून बघत होते. आचारी म्हणतोय, "साहेब, तब्येत बरी हाय ना?" आणि सर विचारतायत, "ह्यो माल कुठला? पाबळकडचा का?" वरपक्षाच्या कुणीतरी हे बघितलं आणि पंगत बसेपर्यंत चर्चा झाली, की मुलीकडचा एक पाहुणा उकिरड्यातून भाजी गोळा करतोय. मुख्याध्यापक आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. सरांना पत्ताच नव्हता.

असा हा माणूस. हसायचं सगळं इथंच संपतं.

सरांची थोरली बहीण हौसाक्का दौंड तालुक्यात, केडगावच्या अलीकडं एका वस्तीवर दिलेली. मी तिला ओळखत होते, कारण गावरान अंडी मी तिच्याकडूनच घ्यायचे. शाळा सुटल्यावर कधीमधी सरांच्या स्कूटरवर मागं बसून पारगावचा पूल ओलांडून जायचो. आक्काच्या कोंबड्या बऱ्याच, पण तिचा खरा मान वेगळ्याच गोष्टीत होता. वस्तीत कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली, की ती बाई आक्काच्या दारात यायची. आक्का टोपलीत अंडी घालून द्यायची, ती बाई आपल्या कोंबडीखाली बसवायची आणि पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी आक्काची. अर्धेलीचा व्यवहार. यात लिहिणं नाही, वाचणं नाही, नुसता भरवसा. ही अंडी गोळा करायची, पुसायची, कोळशानं खूण करून टोपलीत लावायची ती आक्काची सून, सारिका.

सारिका बोलायला मोकळी, हसरी. सर आले की "मामा आलं, मामा आलं" करत बाहेर यायची. नवरा सणसवाडीला कंपनीत, तिथंच तिघाचौघांत खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी. लग्नाला काही वर्षं होऊन मूल नव्हतं. मूल व्हायचं तर नवरा-बायको एका छपराखाली तरी राहिली पाहिजेत की नाही? पण हे वस्तीत कोण कुणाला सांगणार!

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आक्काच्या कोंबड्या लंगडायला लागल्या. पाय वाकडे, उठायला जड. सरांनी बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. हाडाला बोरॉन! कोंबड्यांवर त्याचे प्रयोग झालेत हे त्यांनी वाचलं होतं. फवारणीचीच पावडर आणली, कागदावर आकडेमोड केली, प्यायच्या पाण्याच्या पिंपात किती घालायची ते आक्काला दाखवून दिलं. आणि खरं सांगते, पाय सुधारले. कोंबड्या तुरुतुरु पळायला लागल्या. आक्कानं वस्तीत पेढे वाटले. "माझ्या अर्जुनानं केलं," असं धाकट्या भावाचं नाव घेऊन ज्याला त्याला सांगितलं. सरांनी स्टाफरूममध्ये पेढा आणला आणि मी विचारायच्या आत म्हणाले, "ह्या टायमाला एकच बदल केला हुता, बाई." छाती अशी फुगलेली, की खिशाबरोबर तीही दिसत होती.

मग चैत्रातलं ऊन पडलं. आणि वस्तीत कुठल्याच घरात पिल्लू निघालं नाही.

एकवीस दिवस झाले, वर आणखी दोन-तीन झाले. कोंबड्या बिचाऱ्या अंडी सोडून उठेनात. बायकांनी फोडून बघितलं तर आत अर्धवट वाढून मेलेली. एका घरी असं होतं. सगळ्याच घरी कसं होईल? कोंबड्या वेगळ्या, घरं वेगळी. सारखं काय, तर अंडी आक्काकडची. आणि अंड्यांना हात कुणाचा, तर सारिकाचा. झालं. बायका आधी पाणवठ्यावर कुजबुजल्या, मग दारात येऊन बोलल्या, की हिच्या हातालाच यश नाही. आक्का भोळी नव्हती, दुष्टही नव्हती. पण इतक्या वर्षांचा भरवसा जातोय म्हटल्यावर घाबरली. तिनं सारिकाच्या हातातून टोपली काढून घेतली.

सरांना संशय आला होता. न्हावऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी गाठलं. डॉक्टर म्हणाले, "सर, याचं असंच असतं. थोडा लागतो, जरा जास्त झाला की कोंबडी उभी राहते आणि अंड्यातलं पिल्लू जातं. पाण्यात का घातलात? उन्हाळ्यात कोंबडी दुप्पट पाणी पिते." सरांनी आकडेमोड केली होती ती थंड दिवसांतल्या पाण्याची. ऊन वाढलं, कोंबड्या पीत राहिल्या आणि सरांचा हिशेब त्यांच्या पोटात वाढत गेला.

सर तसेच वस्तीवर गेले. आक्काला म्हणाले, "पाय बरं झालं, आता पावडर बास." पिंप घासून धुऊन दिलं. एवढंच. कशासाठी बास, ते सांगितलं नाही.

पुढची टोपली आक्कानं स्वतःच्या हातानं भरली. तिची पिल्लं निघाली, घरोघरी, भरपूर. बायका म्हणाल्या, "बघा, हात बदलला आन् पिल्लं निघाली." आता याच्यावर कोण काय बोलणार? डोळ्यांना दिसतंय की! पुरावाच की हा!

दोन गोष्टी बदलल्या होत्या. एकीची गावभर चर्चा होती, आणि दुसरी फक्त एका माणसाला माहीत होती. तो माणूस रोज सकाळी पत्र्यापलीकडं उभा राहून पोरांना सांगत होता, एका टायमाला एकच बदल. मला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. एवढंच जाणवलं, की सर ते वाक्य हल्ली हळू आवाजात म्हणतात, आणि सोमवारच्या मनुका बंद झाल्यात.

पुढं आक्काच्या शेजारणीच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. आक्कानं निरोप धाडला, बाईंना घेऊन ये. गेलो. अंगणात मंडप, एका बाजूला पुरुषांची पंगत बसलेली, एका बाजूला पोरीला पाटावर बसवून बायका ओटी भरतायत. मीही भरली. भरून बाजूला झाले आणि बघितलं, की सारिका कुठं दिसत नाही. ती आत होती. पाण्याचे जग भरून दारापर्यंत आणत होती, तिथून दुसरी कुणीतरी बाई घेत होती. उंबऱ्याच्या बाहेर ती एकदाही आली नाही. माझ्या आधी ओटी भरलेल्या सगळ्या बायकांना ती बाहेर का येत नाही हे माहीत होतं, आणि कुणाला काही वाटत नव्हतं. मला मात्र माझ्या हाताला चिकटलेल्या तांदळाची लाज वाटली.

सरांनीही बघितलं. जेवता जेवता म्हणाले, "आक्का, सारिकाला बोलव की ओटी भरायला."

"ऱ्हाऊ दे, अर्जुना. आत काम हाय तिला."

"काम हुईल. बोलव."

एक म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आवो सर, तुम्ही शिकल्यालं हाय, पर शुभ कार्य हाय. पोटुशी पोर हाय. अंड्यांचं काय झालं ते समद्यांनी बघितलंय न्हवं? उगं कशाला वाढवता?"

सर उठले. भरल्या ताटावरून उठले, उष्टा हात तसाच. पंगतीतले लोक त्यांच्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता भाषण ठोकणार, अंधश्रद्धा वगैरे. मनात म्हटलं, आवरा सर.

"अंडी मी मारली," सर म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. कुणीतरी हसलंसुद्धा.

"कोंबड्यांच्या पाण्यात पावडर घातली ती मी. ती जास्त झाली. त्यानं पिल्लं आतल्या आत मेली. मी ती बंद केली आन् त्याच टायमाला आक्कानं हिच्या हातनं टोपली काढली. दोन गोष्टी बदलल्या. एक तुम्हाला दिसली. दुसरी मी सांगितली न्हाई." उष्टा हात छातीजवळ धरून ते उभे होते. "तिच्या हाताला काय झाल्यालं न्हाई. झालंय ते मला झालंय."

आक्का मटकन खाली बसली. पाटावरच्या पोरीला काय करावं कळेना, ती ओटी सावरत बसून राहिली. आणि सारिका उंबऱ्यात आली. हातात पाण्याचा जग.

"मामा," ती म्हणाली, "तुम्हाला कवापास्नं ठाव हुतं?"

सरांनी मान खाली घातली. "डॉक्टरांनी सांगितलं तवापास्नं."

"आत्याबाईंनी टोपली काढून घेतली, तवा ठाव हुतं?"

"त्याच दिसात कळलं."

"दुसरी पिल्लं निघाली, तवा?"

"व्हय."

सारिका रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सर पुढं कितीदा तरी म्हणाले.

"मी माझ्या आईला फोन करून सांगितलं," ती म्हणाली. "म्हनलं, आई, लोक खरं बोलत्यात. माझाच हात वाईट हाय. मी सोता बघितलंय."

एवढं बोलून ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि पंगतीत पाणी वाढायला लागली. कुणी नको म्हणालं नाही. सरांच्या ताटापाशी आली, त्यांचा पेला भरला, आणि पुढच्या माणसाकडं गेली.

परत येताना पारगावच्या पुलावर सरांनी स्कूटर थांबवली. मागून उसाच्या ट्रॉल्या हॉर्न मारत चालल्या होत्या. तिथं त्यांनी मला हे सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, पिंपाचं. मी चिडले होते. म्हटलं, "सर, तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"आक्कानं माझ्या नावानं पेढं वाटलं हुतं, बाई. जीभच उचलंना. म्हनलं, पावडर बंद केली, आता पिल्लं निघतील आन् समदं इसरून जातील. पिल्लं निघाली." मग खाली पाण्याकडं बघत म्हणाले, "निघाली नसती तर बरं झालं असतं."

मला त्यांना धीर द्यावासा वाटला नाही.

त्यानंतरची काही वर्षं सर शाळेत होते. बोरॉनला त्यांनी दोष दिला नाही. "त्येचा काय गुन्हा? थोडा लागतोच." मनुका पुन्हा सुरू झाल्या, पण पुडी ठेवताना म्हणायचे, "जास्त खाऊ नका." आणि दरवर्षी आठवीला कुंड्यांचा प्रयोग आला की ते स्वतःची गोष्ट सांगायचे. नाव बदलून नाही. "थोरात नावाचा एक मास्तर हुता" अशी सुरुवात, आणि पोरं खिदळायची. लंगड्या कोंबड्या यायच्या, पेढे यायचे. सर टोपलीपर्यंत यायचे आणि तिथं त्यांचा आवाज बंद पडायचा. मग खडूचा आवाज. मी पत्र्याच्या अलीकडं कविता थांबवून उभी असायचे. माझी पोरंही गप्प बसायची, का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

ते निवृत्त झाले. मग माझीही नोकरी संपली. शेवटचे भेटले ते त्या वस्तीवरच. मी अंडी आणायला रिक्षानं गेले होते. आक्का थकली होती, खाटेवर होती. सगळा कारभार सारिकाकडं. अंडी उबवायचं मशीन घेतलेलं, टोपल्या तिच्याच हातातल्या, बायका तिच्याच दारात. मूल झालं का, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

फाटकाबाहेर नळावर सर उकिडवे बसले होते. कोंबड्यांची पाण्याची भांडी राखेनं घासत होते. अंगावर बनियन, शर्ट कुंपणाला टांगलेला, खिसा फुगलेला. दर आठवड्याला येतात, असं आक्का म्हणाली. येतात, भांडी घासतात, स्वच्छ पाणी भरून ठेवतात आणि जातात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी नको म्हणालेलंही नाही.

"सर, इथं उन्हात का? आत चला की."

"आज पिल्लं निघायची हायत," ते म्हणाले. "तुम्ही आत जाऊन बघून या, बाई. किती निघाली ते इचारू नका. निघाली का, एवढंच बघा."

मी बघून आले. म्हटलं, "निघालीत." त्यांनी मान हलवली आणि दुसरं भांडं घेतलं.

तेवढ्यात सारिका घरातून आली. हातात चहाचे दोन कप. एक माझ्या हातात दिला, दुसरा फाटकाच्या खांबावर ठेवला.

"सर, च्या ठिवलाय," ती म्हणाली आणि आत गेली. चांगल्या आवाजात म्हणाली. रागानं नाही, तुसडेपणानं नाही.

मी म्हटलं, "अहो, ती एवढा चहा आणून देते. आता किती दिवस असे बाहेर बसणार? चला आत."

सरांनी राखेचे हात धुतले, कप उचलला आणि उभ्यानंच फुंकर मारली.

"सर म्हनली ती, बाई," ते म्हणाले. "सर तर मला गावातलं शेंबडं पोर बी म्हणतंय."

चहा संपवून त्यांनी कप नळाखाली धुतला, खांबावर पालथा घातला आणि पुन्हा भांडी घासायला बसले.